कमरेचा जबाब

पत्रात ‘कंबर’ हा शब्द चार वेळा आला होता. मी मोजला, कारण पहिल्या वाचनात बाकीचं काही डोक्यात शिरलंच नाही. पत्र विमा कंपनीचं. मी ते दुकानाच्या पत्त्यावर मागवलं होतं, कारण आमच्या घरच्या पत्रपेटीत आमची पत्रं कमी आणि शेजाऱ्यांची बिलं जास्त सापडतात. ‘आपल्या पतीच्या कमरेची तक्रार पॉलिसी घेण्यापूर्वीपासूनची असल्याचे आपण स्वतःच नमूद केले असल्याने, सदर कमरेमुळे रद्द झालेल्या प्रवासाची भरपाई देण्यास कंपनी असमर्थ आहे.’ सदर कंबर! लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण त्या कमरेला ‘सदर’ म्हणावं असं मला कधी सुचलं नव्हतं. काऊंटरच्या पलीकडे एक गृहस्थ कोट घेऊन उभे होते. मी पत्र पावतीपुस्तकाखाली सरकवलं, कोट उलटा केला, सुलटा केला, बाह्या बघितल्या, खिसे चाचपले आणि हाताच्या सवयीने पावतीवर लिहिलं: उजव्या खिशाखाली जुना डाग, जबाबदारी नाही. लिहून झाल्यावर ते पुन्हा वाचलं. मग पत्र बाहेर काढून तेही पुन्हा वाचलं. ‘काय झालं?’ गृहस्थ म्हणाले, ‘डाग जाणार नाही का?’ ‘डागाचं काही नाही हो,’ मी म्हटलं, ‘तो बिचारा आहे तिथे आहे.’

एकोणीस वर्षं मी या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काऊंटरवर उभी आहे. कपडे धुण्याशी माझा संबंध नाही. ते मागच्या बाजूला, वाफेत. माझं काम कपडा घेताना त्याच्यात काय काय बिघडलेलं आहे ते शोधायचं आणि गिऱ्हाइकासमोर पावतीवर लिहायचं. अस्तर उसवलेलं. कॉलर विटलेली. तिसरं बटण नाही. म्हणजे उद्या धुऊन आल्यावर कुणी म्हणायला नको, की तुम्ही फाडलंत. पहिल्याच दिवशी मालक म्हणाले होते, ‘बाई, आधी हात झटकायचे, मग कपड्याला हात लावायचा.’ तेव्हा मला ते फार चतुर वाटलं होतं. पुढे ती नजर दुकानाबाहेरही माझ्याबरोबर यायला लागली. कुणी दारात उभं राहिलं, की मला आधी त्याची बाही दिसते, मग तो. मुलीने तिचा होणारा नवरा पहिल्यांदा घरी आणला तेव्हा सगळे त्याची नोकरी विचारत होते आणि मी मनातल्या मनात लिहीत होते: डावा कफ सैल, खांद्यावर इस्त्रीची घडी दुहेरी, स्वतःच केलेली दिसते, मुलगा ठीक. एका अर्थी मी एकोणीस वर्षं विमा कंपनीचंच काम करत होते, फक्त वाफेच्या वासात. आणि आता त्यांनी माझीच चिठ्ठी माझ्याच हातात ठेवली होती.

कारण लिहिलं मीच होतं. क्लेमच्या फॉर्मवर शेवटी एक रकाना होता, ‘या तक्रारीविषयी अधिक माहिती’, आणि त्याखाली चार रिकाम्या ओळी. दुसऱ्या कुठल्याही बाईने तिथे एक आडवी रेघ मारली असती. मला रिकामी ओळ बघवत नाही. पावतीवर जागा राहिली की काहीतरी बघायचं राहिलंय, असं वाटतं. म्हणून मी चष्मा पुसला, काऊंटरवर असते तशी पाठ ताठ केली आणि नवऱ्याला उजेडाकडे धरून बघावं तसं आठवून आठवून लिहिलं: ‘कंबर, डावी बाजू. लचक जुनी. पूर्वी तीनदा: एकदा माझ्या बहिणीच्या लग्नात, एकदा घर बदलताना, एकदा माझ्या वडिलांच्या आजारपणात. एरवी किरकोळ. बाकी ठीक.’ बाकी ठीक! ते लिहिताना मला केवढं समाधान वाटलं होतं. यांना वाचूनही दाखवलं. हे पलंगावर आडवे होते, छताकडे बघत. ‘एवढं कशाला लिहिलंस,’ एवढंच म्हणाले. मी म्हटलं, ‘खरं ते लिहावं. उद्या त्यांनी विचारलं तर?’ त्यावर हे काही बोलले नाहीत. तेव्हा मला वाटलं, दुखतंय म्हणून बोलत नाहीत.

त्या प्रवासाचे पैसे बटणांचे होते. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी सांगत नाही. दुकानात धुलाईचे पैसे मालकांचे, रफूचे पैसे रफू करणाऱ्याचे. पण बटण तुटलेलं असलं तर ते काऊंटरवरच, गिऱ्हाईक उभं असताना, मी लावून देते. सुरुवातीला एकदा मी मालकांना विचारलं होतं, ‘बटण मी लावते, दोरा मी आणते, मग हे पैसे कुणाचे?’ मालक मोठ्याने हसले आणि म्हणाले, ‘घ्या बाई, बटणांचं राज्य तुमचं.’ त्यांना वाटलं असेल, बटणं अशी तुटून तुटून किती तुटतील! पण माणसं जाड होतात, घाईत असतात, भांडतात, कुणी कुणाची कॉलर धरतं. एकोणीस वर्षांत बटणं मला कधी कमी पडली नाहीत. घरखर्च यांच्या पगारातून, नंतर पेन्शनीतून. माझा पगार मुलीच्या शिक्षणात. पण बटणांच्या पैशांना कुणी हात लावला नाही, मीसुद्धा नाही. ते कशासाठी आहेत हे मला माहीत नव्हतं. मग गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात एका समुद्रकाठच्या हॉटेलचं माहितीपत्रक निघालं. खिशातल्या वस्तू परत करायच्या असतात. मी ते परत केलं, पण तीन दिवसांनी. त्यात एका गच्चीचा फोटो होता, गच्चीवर समुद्राकडे तोंड करून ठेवलेली एक खुर्ची होती, आणि त्या खुर्चीसमोर कुणीही कपडे घेऊन उभं नव्हतं.

हे तीस वर्षं बस चालवत होते. एकच मार्ग, एकोणतीस थांबे, जाऊन-येऊन अठ्ठावन्न. निवृत्त झाल्यावर यांनी जाहीर केलं, की आता आपण कुठेही जाणार नाही, आपण जाऊन आलोय. दुसऱ्याच्या गाडीत बसले तरी यांचा उजवा पाय ब्रेक दाबत राहतो, आणि उतरताना हे घामाघूम. मी सुट्टीचं काढलं तेव्हा म्हणाले, ‘समुद्र म्हणजे काय गं, शेवटचा थांबाच तो. पुढे रस्ता नाही.’ मी म्हटलं, ‘मग बरंच की, तुम्हाला ब्रेक दाबायला नको.’ दोन महिने मी गोड बोलले, एक महिना अबोला धरला आणि शेवटी एका जेवणात हे भात कालवता कालवता म्हणाले, ‘बरं. जाऊ.’ त्या संध्याकाळी मी ट्रॅव्हलवाल्या बाईकडे जाऊन सगळे पैसे भरून आले. तिने सांगितलं, हॉटेलचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून बरोबर विमा घ्या. मी घेतला. तिने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. पावती घेऊन निघाले तेव्हा हातातलं पाकीट हलकं झालं होतं आणि माझे हात पुन्हा पुन्हा पावती उघडून बघत होते. आनंदाने की भीतीने, ते अजून मला सांगता येत नाही. कदाचित हाताला दोन्हींतला फरक कळत नसावा.

आणि निघायच्या दिवशी सकाळी हे बुटाची नाडी बांधायला वाकले ते वाकलेच. दारात बॅग, खाली रिक्षा, आणि मध्ये हे, काटकोनात. मी आजही तो क्षण कुणाला सांगताना म्हणते, ‘मी घाबरून गेले.’ ते खरं नाही. मला आधी दिसला यांचा शर्ट, प्रवासासाठी नवा घेतलेला, पाठीवर वर सरकलेला. आणि माझ्या मनात आलं, आजच? मग मनात आलं, परत? मी म्हटलं, ‘पुरे झालं आता. उठा.’ हे म्हणाले, ‘अगं, येत नाही उठता.’ मी म्हटलं, ‘माझ्या बहिणीच्या लग्नातही आलं नव्हतं.’ खालून रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मी किती वेळ अशी कमरेवर हात ठेवून, रागाने, एका वाकलेल्या माणसाच्या टकलाकडे बघत उभी होते, देव जाणे. मग त्या टकलावर घामाचे थेंब दिसले, एकेक करून नाकाच्या शेंड्यावरून फरशीवर पडणारे, आणि मी रिक्षावाल्याला वर बोलावलं. दोघांनी मिळून यांना त्याच आकारात उचलून पलंगावर आडवं ठेवलं. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, मणक्याची चकती सरकली म्हणाले. दुपारी दोन वाजता, आमची गाडी कुठेतरी आमच्याशिवाय समुद्राच्या दिशेने धावत असताना, मी यांना चमच्याने पेज भरवत होते आणि मला लाज वाटत होती. लाज वाटत होती आणि त्या लाजेच्या खाली, अस्तरासारखा, राग तसाच होता.

पत्र आलं त्या संध्याकाळी यांनी ते दोनदा वाचलं. तोवर हे चालायला लागले होते, भिंतीचा हात न सोडता. म्हणाले, ‘मी देतो तुला पैसे. पेन्शनीतून थोडे थोडे.’ मी म्हटलं, ‘तुमचे पैसे घेऊन काय करू? ते या डब्यातून त्या डब्यात.’ मुलगी फोनवर म्हणाली, ‘आई, जाऊ दे ना. मी तुम्हा दोघांना पाठवते पुढच्या वर्षी.’ तिलाही नाही म्हटलं. मला माझेच पैसे हवे होते. दुसऱ्यांच्या कपड्यांवर, उभ्याने, दाताने दोरा तोडून मिळवलेले. ते गेले असते तर मला वाटलं असतं, की एवढी सगळी बटणं मी हवेला लावली. हे सगळं मी बोलले नाही. मी फक्त म्हटलं, ‘सोमवारी सुट्टी टाकते. आपण दोघं त्या कार्यालयात जाऊ. तुम्ही काही बोलू नका, नुसते उभे राहा. तुमच्याकडे बघून त्यांना कळू दे.’ ‘उभाच राहणार आहे,’ हे म्हणाले, ‘बसता कुठे येतंय?’

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. एकमेकींना जखडलेल्या खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर लाल आकडे, आणि हवेत कागद तापल्याचा वास. आमचा आकडा आला तेव्हा काऊंटरच्या पलीकडे एक तरुण अधिकारी बसला होता, आणि मी सवयीप्रमाणे आधी त्याचा शर्ट वाचला: कॉलरला खळ जास्त, खिशावर शाईचा डाग, ताजा, अजून पसरतोय. ‘पेनाचं टोपण लावा,’ मी म्हटलं. त्याने दचकून खिशाकडे बघितलं. ‘अरे देवा. जाईल का हो हा?’ ‘आज पाणी लावू नका. उद्या दुकानात आणा. पण आधी आमचं बघा.’ त्याने आमची फाईल उघडली, आणि त्यात वरच माझं अक्षर होतं. स्वतःचं अक्षर दुसऱ्याच्या टेबलावर उलटं बघणं फार विचित्र. ते कुणा भोचक, फार शहाण्या बाईचं वाटत होतं. त्याने तेवढ्या ओळींवर बोट ठेवलं. ‘मॅडम, इथे तुम्हीच लिहिलंय. लचक जुनी.’

मी तयारी करून गेले होते. म्हटलं, ‘हे बघा, मी तुमच्यासारखंच काम करते. कपडा घेताना आम्ही बघतो. दोष दिसला तर तेव्हाच पावतीवर लिहितो, गिऱ्हाइकासमोर. लिहिलं नाही, आणि नंतर कपडा बिघडून आला, तर तो डाग आमचा. मग आम्ही असं म्हणत नाही, की तो तुमच्या घरूनच आला असेल. तुम्ही पैसे घेतलेत तेव्हा यांना उभं करून बघितलंत का? मागून पुढून? नाही. मग कंबर बिनडागाची घेतलीत तुम्ही.’ शेजारच्या खिडकीतली बाई काम थांबवून ऐकायला लागली. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. ‘मॅडम, खरं सांगू? मला पटतंय तुमचं. पण पॉलिसीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं, की आधीची दुखणी चालणार नाहीत.’ आमच्या पावतीच्या मागेही बारीक अक्षरात अकरा नियम आहेत. एकोणीस वर्षांत ते कुणी वाचलेले नाहीत. मीही नाही.

‘एक रस्ता आहे,’ तो म्हणाला. आवाज जरा खाली आणला. ‘त्या तीन वेळा डॉक्टरांना दाखवलं होतं? एक्सरे, गोळ्या, काही कागद?’

‘छे,’ मी म्हटलं. ‘मीच मलम चोळायचे.’

‘म्हणजे नोंद कुठेच नाही. फक्त तुमच्या या चार ओळी आहेत. त्या चुकीच्या आहेत असं यांनी लिहून दिलं, की पूर्वी कंबर दुखत नव्हती, तर क्लेम परत उघडतो.’

‘चुकीच्या कशा असतील? मी तिथे होते ना.’

‘चुकीच्याच आहेत,’ हे म्हणाले.

इतका वेळ हे माझ्या मागे खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते, सांगितल्याप्रमाणे गप्प. मला वाटलं, यांनी माझी बाजू घेतली. काय पण घेतली, म्हणून मी कौतुकाने मागे वळले. तर हे माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीवरच्या लाल आकड्यांकडे बघत होते, जसे पूर्वी सिग्नलकडे बघायचे.

‘म्हणजे काय?’ मी म्हटलं.

‘म्हणजे दुखत नव्हती.’

‘कधी?’

‘तेव्हा.’

अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. त्या बिचाऱ्याला यात फक्त एक कागद दिसत होता. त्याने कोरा कागद आमच्यापुढे सरकवला. ‘उत्तम! लिहा काका. तीनही प्रसंग वेगवेगळे लिहा, म्हणजे वरच्या लोकांना शंका राहणार नाही.’ पण यांना टेबलावर वाकता येईना. वाकले तर सगळं पुन्हा काटकोनात. ‘ही लिहील,’ हे म्हणाले, ‘हिचं अक्षर चांगलं आहे.’ तर असं झालं, की माझ्या नवऱ्याने मला अठ्ठावीस वर्षं काय काय फसवलं, ते मी माझ्याच सुंदर अक्षरात, एका परक्या मुलासमोर उतरवून घ्यायला बसले.

‘मी, खाली सही करणारा,’ अधिकारी सांगू लागला, ‘असे लिहून देतो, की... हं, काका, पहिलं लग्न.’

‘हिच्या बहिणीचं,’ हे घाईने म्हणाले. ‘त्या दिवशी माझी कंबर दुखत नव्हती.’

‘मी तुम्हाला गरम पाण्याची पिशवी भरून देऊन गेले होते,’ मी म्हटलं. ‘अंगावर नवी साडी, हातात पिशवी.’

‘हो. तू गेल्यावर मी डेपोत गेलो.’

‘सुट्टीच्या दिवशी? डेपोत?’

‘एक बस रिकामी उभी होती. तिच्यात मागच्या बाकावर बसलो तीन तास. नुसता. कधी मागे बसलोच नव्हतो गं.’ मग जरा थांबून, ‘लग्नात सगळे विचारतात, कुठल्या मार्गावर असता. मग म्हणतात, त्या मार्गाची बस कधी वेळेवर येत नाही.’

मी हे लिहावं की काय, ते कळेना. अधिकारी म्हणाला, ‘बस राहू दे. “दुखते असे सांगितले” एवढंच लिहा.’ मी विचारलं, ‘सांगितले, की खोटे सांगितले?’ ‘खोटे बरं पडेल,’ तो म्हणाला. मी लिहिलं. खोटे. शेजारच्या खिडकीतल्या बाईने एव्हाना आपल्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगून खुर्ची आमच्याकडे वळवली होती. मला त्या रिकाम्या बसमधला तो माणूस दिसत होता, मागच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून, आणि माझी चिडायची इच्छा असून नीट चिडता येत नव्हतं. ‘दुसरं,’ अधिकारी म्हणाला. ‘घर बदलणे.’

‘तेव्हा?’ मी विचारलं. कारण तेव्हा दोन हमाल, मी आणि माझी बहीण अशा चौघांनी कपाट तीन जिने चढवलं होतं, आणि हे गादीवर पडून ‘डावीकडे घ्या, डावीकडे,’ असं सांगत होते, बस मागे घेताना सांगावं तसं.

‘तेव्हा आळस,’ हे म्हणाले.

‘आळस नका लिहू,’ अधिकारी म्हणाला. ‘“काम टाळण्यासाठी” लिहा.’

‘आठ दिवस मलम चोळलं मी!’

‘त्याने बरं वाटायचं,’ हे म्हणाले. शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले, हसू आवरेना मला, पेन धरलेला हात गदगदत होता, आणि हे ओशाळून एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले आणि तसं होताना कळवळले. हसता हसता मी ‘काम टाळण्यासाठी’ लिहिलं, पूर्णविराम दिला, आणि पुढे तिसरा आकडा घातला. मग हसू थांबलं.

बाबांच्या आजारपणाचा निरोप आला तेव्हा सकाळ होती. बाबा दुसऱ्या गावी, इथून बसने पाच तास. मी यांना म्हटलं, चला. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते, म्हणाले, कंबर धरलीय, तू हो पुढे. मी झाले पुढे. बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले. मधल्या त्या दीड दिवसात ते एकदा शुद्धीवर आले आणि त्यांनी विचारलं, जावई कुठे आहेत? मी म्हटलं, येताहेत, बसमध्ये आहेत. हे तिसऱ्या दिवशी आले. दारात उभे राहिले, चेहरा राखेसारखा. आत या, बसा, म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, पाच तास उभ्यानेच आलो. मला तेव्हा बसण्या-उठण्याचं काही सुचत नव्हतं. कोण बसलंय, कोण उभं आहे, सगळं एकच होतं. त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही. मी माझ्या परीने तो विषय निकालात काढला होता: कंबर होती, कमरेला कोण काय करणार. फॉर्मवरही म्हणूनच लिहिलं. ती कंबर मी माझ्यासाठी जपून ठेवली होती. ती खरी असणं ही माझी गरज होती.

‘तिसरं, काका?’ अधिकारी म्हणाला. त्याचा आवाजही बदलला होता. मला वाटलं त्याला म्हणावं, अरे, दोन पुरेत, तिसरं राहू दे. पण तिसरं राहिलं तर जुनी लचक राहिली, आणि ती राहिली तर पैसे गेले. तेवढं गणित तिथे ऐकणाऱ्या चौघांनाही येत होतं. मी वर बघितलं. डाग बघितला की मला कळतं, चहा आहे की तेल आहे की गंज. जुन्या डागाची कड कडक होते, नव्याची मऊ असते. मी यांच्या चेहऱ्याकडे तसं बघितलं, उजेडात, अगदी जवळून, आणि मला कुठेही कड दिसली नाही. एक म्हातारा होत चाललेला माणूस होता, वरच्या ओठावर घाम आलेला.

‘तेही खोटंच,’ हे म्हणाले.

‘माझ्याकडे बघून सांगा.’

यांनी माझ्याकडे बघितलं. ‘खोटं होतं. लिही.’

मी लिहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी अशी चिठ्ठी लिहिली, की जिच्यातलं मला स्वतःला काही दिसलेलं नव्हतं. माझं अक्षर मात्र नेहमीसारखंच आलं, गोल, सरळ रेषेत. अक्षराला काही वाटत नाही. यांनी उभ्या उभ्याच, कागद भिंतीला लावून सही केली. अधिकारी म्हणाला, साक्षीदार म्हणून तुम्ही करा. मी केली. ‘आता एक लक्षात ठेवा, काका,’ शिक्का मारता मारता तो म्हणाला, ‘कंपनीच्या लेखी तुमच्या कमरेला याच वर्षी सुरुवात झाली. एकवीस दिवसांत पैसे खात्यात येतील.’ ‘आणि तुमचा शर्ट उद्या आणा,’ मी म्हटलं, कारण काहीतरी नेहमीचं बोलायला हवं होतं.

जिन्यावरून उतरताना हे प्रत्येक पायरीला थांबत होते. एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. पहिल्या मजल्यावर हे म्हणाले, ‘झालं ना तुझं काम?’ मी म्हटलं, ‘झालं.’ तळाशी आलो. बाहेर रस्त्यावर ऊन होतं, माणसं होती, समोर एक बस थांबली, तिच्यातून लोक उतरले आणि निघून गेले. यांनी सवयीने घड्याळ बघितलं. ‘चार मिनिटं उशीर,’ म्हणाले. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण ठरवणं डोक्याचं असतं आणि विचारणं जिभेचं.

‘बाबांच्या वेळचं,’ मी म्हटलं. ‘मला सांगा. कागद आत राहिला. आता इथे आपण दोघंच आहोत.’

हे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होते, पलीकडे कसं जावं याचा अंदाज घेत. ‘आधी पैसे येऊ देत,’ म्हणाले, ‘मग सांगतो.’

‘बरं,’ मी म्हटलं आणि यांचा दंड धरून रस्त्यावर उतरले. मला राग आला होता. एवढ्या सगळ्यानंतरही या माणसाला थांबवून ठेवायचंच आहे. मी चार पावलं टाकली, आणि मग ते वाक्य माझ्या डोक्यात फिरून सरळ झालं. खोटं होतं, तर ते आत्ता वर सांगून झालं होतं, सहीनिशी, शिक्क्यानिशी. मग पैसे आल्यावर सांगायचं राहिलं काय? आणि बाबांच्या वेळी हे पाच तास उभ्यानेच आले होते, बसा म्हटलं तरी बसेनात. माझे पाय थांबले. अर्ध्या रस्त्यात. एका गाडीने करकचून ब्रेक लावला, आतला माणूस काहीतरी ओरडला, आणि हे, ज्यांना स्वतःला धड उभं राहता येत नव्हतं, त्या गाडीपुढे हात आडवा करून मला म्हणाले, ‘अगं चल ना! मला पळता येणार आहे का?’

‘नका पळू,’ मी म्हटलं. ‘कुठे घाई आहे?’ गाड्या खोळंबल्या होत्या. मी यांच्या बगलेखाली खांदा दिला, सगळा भार घेतला, आणि एकेक पाऊल टाकत आम्ही पलीकडे निघालो. एकवीस दिवस, तो म्हणाला होता. मला वाटलं, महिनाभर लागला तरी चालेल.